दुसऱ्याचं जनावर

मासाळ सरांची चित्रं एकूण किती आणि ती सध्या कुठे आहेत, असं विचारणारा फोन मला गेल्या महिन्यात आला. फोन करणारी मुलगी पुण्याची. आवाज गोड, पण कामाला पक्की वाटली. आजच्या मराठी चित्रकारांवर ती काहीतरी मोठं लिहीत होती आणि तिला यादी हवी होती. मी म्हटलं, "अगं, एक गावच्या पिठाच्या गिरणीत आहे, एक मुलाण्यांच्या ओसरीत आहे, एक सलूनमध्ये आरशाच्या शेजारी. बाकीची आठवून सांगते." ती म्हणाली, "मॅम, म्हणजे एकत्र कुठेच नाहीत?" नाहीत म्हटलं. सगळ्यांचे फोटो काढून पाठवता येतील का, असं तिने विचारलं. मी तिला गावी ये म्हटलं. अजून आलेली नाही.

सर वारले, त्याला वर्ष होत आलं. त्या फोनने मात्र ते पुन्हा आमच्या स्टाफरूममध्ये खिडकीजवळ येऊन बसले आहेत आणि मला पेपर तपासू देत नाहीत.

सोपान मासाळ आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. मी वाळव्याकडची, उसात वाढलेली. माण तालुक्यात नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने मला शिक्षा झाल्यासारखा निरोप दिला होता. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी खिडकीतून बाहेरचा भुंडा माळ बघत बसले होते. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत आहे. शेजारून आवाज आला, "बाई, तुमच्याकडं पानी लय, म्हून तिकडं हिरवा रंग फुकट जातो. आमास्नी हितं त्यो जपून वापराय लागतो." वळून पाहिलं तर एक उंच, काटकुळा माणूस बशीत चहा ओतत होता. शर्टाचा खिसा काळा, बोटं काळी आणि आता बशीची कडही काळी. हा माणूस आपल्याशी चेष्टेत बोलतोय की गंभीरपणे, हे मला पुढची चार वर्षं कळलं नाही.

काळेपणाचं कारण कोळसा. सर दुकानातला कोळसा वापरत नसत. तुरीचं पीक निघालं की तुराट्या आणायच्या, बोटाएवढ्या तोडायच्या, पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकण शेणामातीने लिंपायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की आत चित्र काढायचा कोळसा तयार. कागद म्हणजे वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद. "आपल्या रानाचा रंग कागदालाच हाय, मंग इकत कशाला घ्यायचा," असं म्हणायचे. चित्र पूर्ण झालं की कोळसा पुसू नये म्हणून त्यावर भाताच्या पेजेचं पाणी मारावं लागे. त्यासाठी सर ते तोंडात धरून फुर्रकन उडवायचे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या सफारीवर एकदा ही पेज उडाली. साहेब चिडले. सर म्हणाले, "ऱ्हाऊद्या साहेब, आता तुमी पुसले जानार न्हाई."

पाचवीच्या वर्गाला त्यांचा पहिला धडा ठरलेला असे. आपल्या घराच्या दारात उभं राहून समोर जे दिसतं ते काढून आणायचं. गावाच्या मधोमध एक डोंगर आहे आणि त्याच्या चारी अंगांना वस्त्या पसरल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकाच्या चित्रात डोंगर यायचाच. कुणाचा बोडका, कुणाचा टोकदार, कुणाचा उंटासारखा. नावंही प्रत्येक वस्तीची वेगळी. सर सगळी चित्रं भिंतीवर शेजारीशेजारी लावून म्हणायचे, "बगा रं, डोंगर एकच हाय." एका वर्षी एक पोरगं उठून म्हणालं, "न्हाई सर, आमचा डोंगर येगळा हाय." सरांनी हे कितीदा सांगितलं असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी शेवटी हसू आवरून म्हणायचे, "पोरगं खरं बोललं, बाई. तितंच तर घोडं आडलंय."

घोडं अडलं होतं हे खरंच. आमच्या गावात गणपती चार बसतात. व्हॉट्सअॅपचे गट किती ते ग्रामसेवकालाही सांगता येणार नाही. वरच्या आळीतल्या पाटील भावकीची चूल दोन पक्षांत वाटलेली, धनगरवस्तीची मिरवणूक वेगळ्या रस्त्याने, बौद्धवस्तीची वेगळ्या दिवशी. कुणी कुणाला मारत नाही, पण कुणी कुणाकडे जातही नाही. लग्नाच्या पत्रिका पोस्टाने येतात, तेही दोन गल्ल्या पलीकडून.

अशा गावात सरांना एक चित्र काढायचं होतं. अख्ख्या गावाने एकाच वेळी समोर उभं राहून बघावं असं. "चांगलं म्हना, वंगाळ म्हना, शिव्या घाला. पर समद्यांनी एकदम बगाय पायजे." सरांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. बढती नको, बक्षीस नको. मी चेष्टेने म्हणायचे, सर, त्यापेक्षा तमाशा आणा. ते म्हणायचे, "तमाशाला बी आता दोन गट बसत्यात, मधी दोर बांदून."

एकदा ही इच्छा पुरी व्हायची वेळ आली होती. ग्रामपंचायतीने नव्या कचेरीची दर्शनी भिंत त्यांना रंगवायला दिली. सरांनी गेरू आणि चुन्याने एसटीची वाट बघणारी माणसं काढली. अकरा माणसं आणि एक कुत्रं. फार सुंदर होतं हो ते. एसटीची वाट बघताना माणसाच्या मानेला जो बाक येतो, तो अकराही मानांना वेगवेगळा आला होता. तिसऱ्या दिवसापासून लोक बघायला येऊ लागले, पण एकेक गट करून. प्रत्येक गट आला आणि आपली माणसं मोजून गेला. फेटेवाले किती, टोपीवाले किती, बाया कुठल्या पद्धतीने नेसल्यात, बाकावर कोण बसलंय आणि उभं कोण राहिलंय. सरपंचांनी सरांना बोलावून विचारलं, "मास्तर, ह्यातला आमचा कोन?" सर म्हणाले, "कुत्रं सोडून कुनीबी घ्या." महिन्याभरात भिंतीवर चुना फिरला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं, 'एक गाव, एक परिवार'. ते अक्षर चांगलं आलं नव्हतं, म्हणून सरांनीच जाऊन नीट करून दिलं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता.

सरांचा कॉलेजातला एक मित्र होता, विश्वास. पुण्यात त्याचं नाव झालं होतं. त्याने हट्टाने सरांची पंधरा चित्रं नेऊन तिथल्या गॅलरीत लावली. मी मुद्दाम गेले. गॅलरीत सगळे हळू बोलत होते, देवळात बोलावं तसं. नाही, आमच्याकडे देवळात कुणी हळू बोलत नाही. लोक चित्राशेजारची चिठ्ठी आधी वाचायचे, मग चित्राकडे बघून मान हलवायचे, चिठ्ठीत लिहिलंय ते चित्रात आहे याची खात्री झाल्यासारखी. सर दिवसभर कोपऱ्यात उभे होते. संध्याकाळी तिथला वॉचमन एका खिलार बैलाच्या चित्रासमोर थांबला आणि म्हणाला, "ह्येचं डावं शिंग कुटं मोडलं वो?" माणूस आटपाडीकडचा निघाला. दोघे तिथेच फरशीवर बसले आणि तासभर शिंगावर बोलले. परतीच्या एसटीत सर लोणंदपर्यंत तिकिटाच्या पाठीवर ते शिंग काढत होते. मग म्हणाले, "बाई, आज येकानं चित्र बगितलं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला. गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. जनावरं तिथे बांधायची आणि घरातल्या एकाने त्यांच्याजवळ राहायचं. माझ्या माहेरचा ऊस ट्रकमधून इथे येऊन जनावरांपुढे पडायचा, तो बघून मला कसंतरी व्हायचं. छावणीत जागा मिळायची ती येईल त्या क्रमाने. तिथे आळी नाही, वस्ती नाही. एका दावणीला पाटील भावकीतल्या बापूतात्यांचा हरण्या बैल, त्याच्या शेजारी बौद्धवस्तीतल्या हौसाबाईंची म्हैस, पलीकडे मुलाण्यांच्या शेळ्या आणि त्याच्यापुढे सरांची स्वतःची गाय. शाळा सुटली की सर खाकी कागदाची गुंडाळी घेऊन गायीजवळ जाऊन बसायचे आणि दिसेल ते जनावर काढायचे. काढलेलं चित्र दोन मेढींच्या मधे बांधलेल्या दोरीवर, कपडे वाळत घालतात तसं अडकवायचे.

एका संध्याकाळी मी तिथे होते. हौसाबाई आपल्या म्हशीच्या चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, म्हस माजी, पर पोट कुनाचं काडलंय?"

सर ओशाळले. दया येऊन त्यांनी म्हशीच्या बरगड्या झाकल्या होत्या आणि पोट जरा भरलेलं दाखवलं होतं.

"येवडं पोट आसतं तर ही हितं कशाला आली आसती?" हौसाबाई म्हणाल्या. "खरं काडा की."

शेजारी बापूतात्या वैरण टाकत होते. हौसाबाईंशी त्यांचं बोलणं बंद. पण जनावराचा विषय निघाल्यावर माण तालुक्यातल्या म्हाताऱ्याला गप्प बसवत नाही. ते चित्राकडे बघत, हौसाबाईंकडे न बघता म्हणाले, "तिचं बराबर हाय, मास्तर. आनि म्हशीचा उजवा कान फाटल्याला हाय, त्यो बी न्हाई काडला."

सरांनी कोळशाचा तुकडा पुढे केला. "मंग काडा तुमी."

तात्यांनी काढला. फाटका कान फार वाईट आला आणि अगदी बरोबर आला. त्या दिवसापासून दोरीसमोर जत्रा भरू लागली. जो तो दुसऱ्याच्या जनावराची चूक काढायचा. ठिपका इकडे नाही तिकडे, खूर चिरलेला आहे, ही गाय अशी उभी राहत नाही, मागचा पाय नेहमी सैल सोडते. सर सगळ्यांना कोळसा द्यायचे. चित्रं काळीबेंद्री झाली, पण अशी जिवंत झाली की मी गणिताची बाई असूनही रोज जाऊ लागले. दोरी एका मेढीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या मेढीवर गेली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती अख्ख्या दावणीच्या लांबीची झाली होती.

विश्वास पुण्याहून आला, दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं सलग, अशाच दोरीवर, मुंबईत लावायचं, म्हणाला. "सोपान, हे आजचं चित्र आहे. आपण सगळे तीस वर्षं हेच शोधतोय." तो खोटं बोलत नव्हता. मीही सरांना म्हटलं, द्या. तुमचं नाव होईल, चित्रं एकत्र राहतील, जपली जातील.

सर दोन दिवस नेहमीसारखी जनावरं काढत बसले. तिसऱ्या दिवशी विश्वासला म्हणाले, "तिकडं न्हेली तर चित्रं येकत्र ऱ्हातील, गड्या. पर गाव फुटल्यालंच ऱ्हाईल."

छावणी मोडायच्या दिवशी लोक आपापल्या जनावराचं चित्र मागू लागले. सरांनी एक घमेलं घेतलं, त्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि सांगितलं, "चित्रं समद्यांस्नी देनार. पर आपलं जनावर न्यायचं न्हाई, दुसऱ्याचं न्यायचं आनि घरात लावायचं. आपली चिठ्ठी आली तर परत टाकायची."

गलका झाला. कुणी म्हणालं मास्तरला ऊन लागलं. कुणी चिडून तसंच निघून गेलं. पण चिठ्ठ्या निघाल्या. बापूतात्यांना मुलाण्यांची शेळी आली. तात्यांचा हरण्या गेला हौसाबाईंकडे. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, या माणसाने आज आपल्या हाताने आपलं सगळं आयुष्य वाटून टाकलं. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. अर्ध्या लोकांनी तर महिन्याभरात गुपचूप अदलाबदल करून आपापली जनावरं परत नेली. हे मी सरांना जरा कुजकटपणेच सांगितलं. ते म्हणाले, "बदलाय तरी येकमेकाच्या दारात गेली नव्हं?"

पुढे सर निवृत्त झाले. आटपाडीला लेकीकडे जायचं ठरलं होतं, पण आज जाऊ उद्या जाऊ असं चाललं होतं. त्याच हिवाळ्यात हरण्या मेला. म्हातारा झाला होता. तात्यांनी त्याला शेतात पुरलं आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत सरांकडे आले. मी तिथे सरांच्या वह्या बांधून द्यायला गेले होते.

"मास्तर, हरण्याचं येक चित्र काडून द्या."

"फोटू आसतील की, तात्या."

"हायती. पर फोटूत मीच हाय फुडं, बैल मागं."

सरांनी हातातली वही खाली ठेवली. मग म्हणाले, "मी त्येला समोर बसून येकदाच काडला. आता मनानं काडला तर त्यो खोटा हुईल. खरा हौसाबाईकडं हाय."

मला वाटलं, काय हा दुष्टपणा. कोळशाच्या चार रेघा, म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटलं असतं. तात्या काठी टेकत परत गेले. दोन दिवसांनी त्यांनी सुनेबरोबर हौसाबाईंना निरोप पाठवला, चित्र पाठवून द्यावं. हौसाबाईंनी सुनेला चहा पाजला आणि उलटा निरोप दिला, "चित्र मिळनार न्हाई. बगाय या म्हनावं. वाट त्यास्नीच ठावी हाय."

वाटेची गोष्ट अशी होती की बौद्धवस्तीकडे जाणारी जुनी पायवाट तात्यांच्या शेतातून जाते आणि तात्यांनी ती काट्या टाकून बंद केली होती. तहसीलात अर्जफाटे चालू होते. वस्तीतली माणसं सहा वर्षं डांबरी रस्त्याने मोठा वळसा घालून गावात येत होती. हौसाबाईंचा निरोप गावभर झाला. व्हॉट्सअॅपच्या सगळ्या गटांवर फिरला असणार. सरांचं जेवण कमी झालं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं चुकून काय बरंवाईट झालं, तर मी चित्र काडलं न्हाई ह्ये मला कुटं ठेवायचं, बाई?" तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी 'नाही' म्हणताना त्यांना किती जड गेलं असेल.

पंधरा दिवस गेले. आटपाडीला निघायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, गावाला एक चक्कर मारून येऊ. दुपार टळली होती. सर सायकल हातात धरून चालत होते, मी बरोबर. बौद्धवस्तीच्या कडेला आलो आणि सर एकदम थांबले. तात्यांच्या बांधावरच्या काट्या एका बाजूला ओढलेल्या होत्या. पुऱ्या नाही, एक माणूस काठी टेकत आडवा होऊन जाईल एवढ्याच. मऊ मातीत काठीची भोकं उमटली होती, हौसाबाईंच्या दारापर्यंत.

दार उघडं होतं. आतून आवाज येत होते, आणि चांगले चढलेले.

"त्यो कवाबी आडमुठा न्हवता!"

"न्हवता कसा? माज्या म्हशीची पेंड रोज कोन खाईत हुता मंग? तुमी?"

"त्येला वास आवडायचा गं."

"आवं, माजी म्हस उपाशी मरत हुती आनि ह्येला वास आवडायचा!"

मग तात्यांचं हसू ऐकू आलं, आणि त्या हसण्याचं मधेच रडणं झालं, आणि हौसाबाईंचा आवाज खाली आला. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही.

मी म्हटलं, "सर, चला आत. तुमचंच चित्र आहे." माझा हात त्यांनी धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"नगं बाई," ते कुजबुजले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला गेले तर काळ्या बोटांनी सगळं तोंड काळं झालं. "दोगं झाली. दोगांनी येकदम बगितलं."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी घाईने सायकल वळवली. "चला चला, लौकर चला. तात्या ह्याच वाटंनं माघारी येनार. आपुन दिसलो तर लाजंल म्हातारा, आनि काट्या परत लावंल." आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो उंच माणूस, लांब ढांगा टाकत, सायकलची घंटा वाजू नये म्हणून एका हाताने दाबून धरत, मान खाली घालून डांबरी रस्त्याने असा पळाला, की मला त्यांच्यामागे धावावं लागलं.